महादेवभाऊ पाठ फिरवून का उभे राहायचे

वहिनी, व्यासपीठावर बसलेले आपले उपाध्यक्ष दिगंबरराव, अकोल्याहून आणि धामणगावहून गाड्या करून आलेले भाऊ, आणि बायांनो. नांदगाव पेठच्या कापड कंपनीतून सकाळची पाळी सुटल्यावर घरी न जाता थेट इथं आलेल्या पोरी मागं भिंतीला टेकून उभ्या आहेत. पोरींनो, पुढं या. पुढच्या खुर्च्या मोठ्या माणसांसाठी राखून ठेवल्या होत्या. ती माणसं काही आली नाहीत. तुम्ही बसा.

मला बोलता येतं, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. गेटवर भोंगा हातात आला की मला थांबवावं लागतं. पण अशा सभांमध्ये माझ्या आधी नेहमी महादेवभाऊ बोलायचे. मी खाली बसून कुरकुरायचे, की सगळं यांनीच बोलून टाकलं, आता मी काय बोलू? आज सगळंच्या सगळं बोलायचं माझ्यासाठी उरलं आहे. मला जरा सांभाळून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी विमल तायडे. आधी अकोल्याच्या जिनिंगमध्ये कामगार, आता आपल्या युनियनची अमरावती जिल्हा सचिव. स्टेजवर आले की माझी भाषा शाळेतल्या बाईंसारखी होते. भाऊ त्यावर फार हसायचे. परत जाताना म्हणायचे, "विमल, आज भाषण कोन करून राहिलं होतं वं? तू तं नव्हती."

आपले राज्य अध्यक्ष महादेवराव गावंडे गेल्या आठवड्यात गेले. दवाखान्यात होते, पण आपल्याला वाटत होतं की येतील परत. नाही आले.

मला आज दोन कामं दिली आहेत. एक, भाऊंबद्दल बोलायचं. दुसरं, एक ठराव मांडायचा. ठराव असा, की नांदगाव पेठच्या कंपनीबरोबरचा करार या सभेनं मंजूर करावा, आणि तीच भाऊंना श्रद्धांजली समजावी. करारात काय आहे ते तुम्ही ऐकलंच असेल. पर्मनंट कामगारांना चांगली पगारवाढ आहे. आणि शिलाई विभागातल्या ठेक्यावरच्या पोरींना दुसरी पाळी सुटल्यावर गावोगावी सोडणारी जी कंपनीची बस आहे, ती बंद होणार आहे. त्यांच्यासाठी करारात एक ओळ लिहिली आहे, की कामगारांनी येण्याजाण्याची आपापली सोय करावी. आता तुम्हीच सांगा, अंधार पडल्यावर नांदगाव पेठहून खेड्यात जायची सोय कोणती पोरगी कशी करणार? घरचे म्हणतील, बस्स झाली नोकरी. आणि संपलं.

तर ठरावाकडे मी येते. आधी भाऊ.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचं घर. काळी जमीन, पण भाऊबंदात वाटली तर कोणाचंच भागणार नाही, म्हणून धाकटा महादेव अकोल्याला आला आणि जिनिंगमध्ये रेच्यावर लागला. रेचा म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. इथल्या निम्म्या लोकांची हाडं त्या रेच्यावर झिजली, त्यांना सांगायला नको. पण या नव्या पोरींनी तो पाहिला नसेल. तिथून भाऊ कामगारांचे प्रतिनिधी झाले, मग जिल्ह्याचे, मग सगळ्या विदर्भाचे, आणि शेवटी राज्याचे अध्यक्ष. हे सगळं पेपरमध्ये फोटोसकट आलं आहे. ते वाचा, मी पुन्हा सांगत नाही.

आणि हेही सांगते, की भाऊ काही संत नव्हते. पेपरवाल्यांनी त्यांना करून टाकलं आहे. भाऊ रागीट होते. बैठकीला उशिरा यायचे, आणि आल्यावर "सुरू काहून नाही केलं?" म्हणून आपल्यावरच डाफरायचे. साखर वाढली होती, तरी कोणत्याही कंपनीच्या कॅन्टीनमध्ये गेले की चहा गोडच. मुंबईच्या बैठकांमध्ये ते हिंदी बोलायचे. ती हिंदी ऐकून समोरचे अमराठी साहेब घाईघाईनं मराठीत बोलायला लागायचे. वहिनी, हसा तुम्ही. हसलं तर चालतं आज. तुम्ही त्यांना आमच्यापेक्षा जास्त झेललं आहे.

पण एक गोष्ट त्यांची अशी होती, की ती दुसऱ्या कोणत्या पुढाऱ्यात मी पाहिली नाही. गेटवर मत घ्यायची वेळ आली की भाऊ लोकांकडे पाठ करून उभे राहायचे. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. पण ते असं का करायचे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे, कारण ते सुरू झालं तेव्हा मी तिथं होते.

मी नुकतीच लग्न होऊन अकोल्याला आले होते, आणि सासूबरोबर जिनिंगला जाऊ लागले होते. भाऊ तेव्हा तिथल्या युनियनचे नवे नवे सचिव. तरणाताठा माणूस. कापसाच्या हंगामात बायांना सुट्टी म्हणून मिळायची नाही, ही आमची मोठी तक्रार होती. संप झाला. मालकाबरोबर बोलणी झाली. आणि एका दुपारी भाऊ आतून गेटवर आले, ते असे फुललेले, की जणू घरात लेकरू जन्मलं. "मिळाली वं बायांनो! हप्त्याची सुट्टी मिळाली!" मग थोडं खालच्या आवाजात पुढचं सांगितलं, की त्या बदल्यात हंगामात बायांनी रात्रपाळी करायची. आणि लगेच, "मंजूर आहे का? हात वर करा."

सगळ्यांचे हात वर गेले. माझ्या सासूचा गेला. तिच्याकडे पाहून माझा गेला. भाऊ तसेच उलट्या पावली आत गेले आणि सही करून आले.

आणि रात्रपाळीला एकही बाई गेली नाही.

भाऊ आमच्या वस्तीत आले ते तणतणतच. "हात वर केला अन् आता घरी बसल्या? माही काय इज्जत राह्यली मालकापुढं?" आमच्यात गिरजाबाई म्हणून वयानं मोठी बाई होती. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "बाप्पा महादेव, तू गेटवर आला तवा तुह्या तोंडाकडं पाह्यलं. केवढा आनंद होता तुले! एवढ्या आनंदानं आलेल्या पोराले नाही कसं म्हणाव? म्हणून केला हात वर. आता रात्री लेकरं कोनापाशी टाकून येऊ, थे तूच सांग."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

"सांगतो कशी? तू पाहून राहिला होता ना!"

भाऊ तिथंच ओट्यावर बसले. गिरजाबाईनं त्यांना भाकरी वाढली. ती त्यांनी खाल्ली आणि ते निघून गेले. केलेली सही मागं घ्यायला त्यांना मालकाच्या फार नाकदुऱ्या काढाव्या लागल्या. जिनिंगच्या ऑफिसातले लोक त्यांना हसले. पुढचे कितीतरी दिवस "काय महादेव, आज बाया काय म्हणतात?" असं विचारून त्यांना चिडवायचे.

पुन्हा जेव्हा गेटवर मत घ्यायचं आलं, तेव्हा भाऊंनी सगळं नीट समजावून सांगितलं. काय मिळतं, काय जातं, कोणाचं जातं. आणि एकदम वळले. आमच्याकडे पाठ, गेटच्या भिंतीकडे तोंड. म्हणाले, "ज्याले हे नको आहे त्यानं आधी हात वर करा. मी पाहत नाही. गिरजाबाई, तू मोज."

बाया आधी फिदीफिदी हसल्या. एकजण म्हणाली, "मास्तरनं कोपऱ्यात उभं केलं काय वं याले?" भाऊ हलले नाहीत. मग हसणं थांबलं, आणि एक एक हात वर जायला लागला. त्या दिवशी गिरजाबाईला मोजताना मी पाहिलं. आयुष्यात कोणी तिला असलं काम सांगितलं नव्हतं. ती प्रत्येक बाईच्या समोर जाऊन, तिच्या हाताला हात लावून मोजत होती.

तेव्हापासून भाऊ कुठंही गेले, राज्याचे अध्यक्ष झाले, तरी हेच. आधी नको म्हणणारे. आणि यांची पाठ. पुण्याकडचे एक पुढारी त्यांना माझ्यासमोर म्हणाले होते, "गावंडे, नेत्यानं लोकांना तोंड दाखवायचं असतं." भाऊ म्हणाले, "तोंड पाहून लोकं भुलते, साहेब. माह्या पाठीवर काहीच लिहेलं नाही." याचा एक तोटा झाला. पेपरमध्ये भाऊंचे जे फोटो यायचे त्यात अर्ध्या वेळा त्यांची पाठच असायची. हा हार घातलेला फोटो शोधताना आम्ही थकलो. शेवटी वहिनींनी मुलीच्या लग्नातल्या फोटोतून कापून दिला. म्हणून भाऊ त्यात एवढे नटलेले दिसतात.

घरात मात्र त्यांनी असं मत कधी घेतलं नाही, ही वहिनींची तक्रार मी इथं नोंदवून ठेवते. घरात भाजी कोणती करायची ते भाऊच सांगायचे, आणि तोंड समोर करून सांगायचे.

आता धामणगावचे कामगार भाऊ इथं बसले आहेत. त्यांच्यासमोर मला गुळमुळीत बोलता येणार नाही. धामणगावच्या, रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचा संप तुम्हाला आठवतो. मालकानं तडजोड दिली होती. ती भाऊंच्या मनातून घ्यायची होती. स्टेशनवरून गेटपर्यंत चालताना ते मला तसं म्हणाले होते. पण गेटवर त्यांनी दोन्ही बाजू सारख्या सांगितल्या, पाठ फिरवली, आणि नको म्हणणारे हात जास्त निघाले. संप पुढं चालला. आणि मालकानं प्रेसच बंद केली. ती जागा विकून टाकली. काही घरं त्यातून सावरली, काही नाही सावरली.

परतीच्या गाडीत मी भाऊंशी कडाडून भांडले. डब्यातले लोक पाहत होते. मी म्हणाले, भाऊ, तुम्ही नुसतं तोंड उघडून सांगितलं असतं, की बाबांनो घ्या, तर त्यांनी घेतलं असतं. कारखाना वाचला असता. भाऊ म्हणाले, "हो. वाचला असता." बडनेरा आलं तेव्हा म्हणाले, "पण मंग थे लोकं नुसते माह्या भरवशावर चालले असते, विमल. अन् मी चुकलो असतो तं?"

मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. खरं सांगू? आजही पुरतं पटलेलं नाही. धामणगावच्या बायांनी नंतर माझ्या घरी येऊन शिव्या दिल्या. भाऊ स्वतः त्यांच्या घरोघरी गेले होते. काही दारं उघडली, काही उघडली नाहीत. म्हणून म्हणते, पाठ फिरवली की सगळं आपोआप चांगलं होतं, असं मी मुळीच सांगत नाही. एवढंच सांगते, की भाऊंनी त्यानंतरही ती पद्धत सोडली नाही.

आता दवाखान्यातलं.

दिगंबरराव आणि मी, आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो होतो. कराराचा मसुदा आम्ही त्यांना वाचून दाखवला. भाऊंनी सगळं ऐकलं. बसची ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग दिगंबररावांनी विचारलं, "भाऊ, काय करायचं? तुम्ही सांगाल तसं करतो." भाऊंनी पलंगाची दांडी धरली आणि वळायला लागले. नळ्या लावलेल्या होत्या. सिस्टर धावत आली, "काका, कुठं दुखतंय का?" भाऊंनी तिला हातानं थांबवलं. कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड केलं आणि आमच्याकडे पाठ करून पडून राहिले. म्हणाले, "मले काय इचारून राहिले? गेटवर इचारा."

बस्स. एवढंच बोलले. मग झोप लागली.

दिगंबरराव, तुमच्या मनात पाप नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही त्या खोलीतून रडत बाहेर आलात. माझ्याआधी तुम्ही रडलात. पण काल पेपरमध्ये छापून आलं, की हा करार व्हावा ही भाऊंची शेवटची इच्छा होती. ते खरं नाही. मी तिथं होते. त्यांनी हो म्हटलं नाही. आणि पोरींनो, तुम्हीही नीट ऐका. त्यांनी नाहीसुद्धा म्हटलं नाही. तुमची बस वाचवा, असं ते शेवटी बोलून गेले, असं सांगायला मला फार आवडलं असतं. काल दिवसभर मनात येत होतं, सांगून टाकावं, कोण तपासणार आहे? पण मग माझ्यात आणि त्या पेपरच्या बातमीत फरक काय राहिला?

कंपनीकडून निरोप आहे, की तेरवीच्या आत सही झाली तर नव्या कॅन्टीनला भाऊंचं नाव देऊ. तेरवी उलटली तर मात्र कराराचा नव्यानं विचार करू. पहिल्या भागाचं मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ज्या चहानं ह्यायची साखर वाढवली, त्या चहाच्या खोलीले ह्यायचं नाव देऊन राहिले काय?" दुसरा भाग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नव्यानं विचार म्हणजे ते काय करतील? पगारवाढ कमी करतील, किंवा मागं घेतील. तसं होऊ शकतं.

म्हणून पर्मनंट भावांनो, तुमचे चेहरे उतरले आहेत ते मला इथून दिसतं. तुम्ही वर्षानुवर्षं या पगारवाढीची वाट पाहिली. ती तुमच्या हक्काची आहे, मेहेरबानी नाही. गेटवर विचारलं तर कदाचित तुमचेच हात जास्त निघतील. तसं झालं तर सही मी करीन. दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही. आणि सही करून त्या बसच्या थांब्यावर मी स्वतः जाईन आणि या पोरींना सांगेन.

पण इथं नाही. या हॉलमध्ये नाही. समोर हार घातलेला फोटो, उदबत्ती, पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत वहिनी. अशा ठिकाणी "भाऊंसाठी मंजूर का?" असं विचारलं, तर यातली कोणती पोरगी नाही म्हणेल? भाऊंवर जिचा जीव होता ती तर सगळ्यांत आधी हो म्हणेल. आणि घरी जाऊन नोकरी सोडेल. मला असा हो नको. शोकसभेत एकच ठराव असतो, तो शोकाचा. करार मंजूर करायचा ठराव मी मांडत नाही. परवा पाळी बदलताना नांदगाव पेठच्या गेटवर या. पर्मनंटही या, ठेक्यावरच्याही या. दोन्ही पाळ्या समोरासमोर असतील. तिथं मी दोन्ही बाजू सांगेन आणि तिथं विचारेन.

मला भीती वाटते, हे मी सांगून टाकते. धामणगाव मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उद्या कंपनी फिरली तर लोक माझ्या दारात येतील, आणि आता मला पाठीशी घालायला भाऊ नाहीत. जिल्हा सचिव मी राहीन की नाही, तेही मला माहीत नाही.

भाऊ, तुमचा मला रागसुद्धा येतो आहे. एवढं सगळं आमच्यावर टाकून तुम्ही गेलात. "मले काय इचारता" म्हणालात आणि झोपून गेलात. मला तुम्हाला अजून खूप विचारायचं होतं. गाडीतल्या त्या भांडणाचं तर राहूनच गेलं. तुमच्याशी भांडायला मिळणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दुसरा कोणी माझं ओरडणं एवढ्या शांतपणे ऐकून घेत नाही.

आता मी थांबते. शेवटी भाऊंसाठी दोन मिनिटं शांतता पाळायची आहे. कार्यक्रम आखला होता तो असा, की सगळ्यांनी उभं राहायचं, शांतता झाली की उभ्या उभ्याच ठराव वाचायचा, आणि सगळे उभे आहेत म्हणजे सगळ्यांना मंजूर आहे असं लिहून घ्यायचं. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, आज कोणी उभं राहू नका. वहिनींची परवानगी मी घेतली आहे. बसल्या जागी राहा. मान खाली घाला, आणि तुम्हाला आठवतात तसे भाऊ आठवा. त्यांचा मान त्यानं कमी होणार नाही.

महादेवभाऊ, अकोल्याच्या, अमरावतीच्या, साऱ्या राज्यातल्या कामगारांचा तुम्हाला बसूनच नमस्कार.

दिगंबरराव, तुम्हीपण बसा.